तांबड्या समुद्राचे गोडे पाणी

चैत्र वद्य द्वितीया, मंगळवार. रक्कम एकावन्न रुपये. हजर चौघे: ठाण्याच्या कोर्टातून निवृत्त होऊन नौपाड्यात राहणारे शिरस्तेदार, जे आमच्या ज्ञातीत सर्वांत वडील, कल्याणचे वैद्यबुवा, आमच्या घरचे भटजी, आणि मी. जागा माझ्या घराची ओटी, कल्याण. माझी बायको दाराआड होती. तिला मी हजेरीत धरत नाही, पण तिला सर्व ऐकू येत होते.

एकावन्न रुपये मी कुणाचे घेतलेले नव्हते. ते माझ्याकडून प्रायश्चित्ताचे म्हणून मागण्यात येत होते, आणि कारण असे की वीस वर्षांपूर्वी, सरकारी चाकरीत असताना, लढाईवर मी पाणी प्यालो होतो.

त्या लढाईविषयी मुले मला नेहमी विचारतात, म्हणून आधी तेच लिहितो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मुंबईस कमिसरियट खात्यात, म्हणजे फौजेला दाणागोटा पुरवणाऱ्या खात्यात, कारकून होतो. अबिसिनियाच्या, म्हणजे हबशांच्या देशाच्या राजाने काही गोऱ्या लोकांना कैदेत टाकले. त्यांना सोडवायला सरकारने मुंबईहून आगबोटीने फौज पाठवली. फौजेबरोबर घोडे गेले, खेचरे गेली, चाळीसवर हत्ती गेले, सुटी करून बांधलेली एक आगगाडी गेली, आणि चाऱ्याचा हिशेब ठेवायला मी गेलो. बंदूक मी हातात धरली ती मोजून दुसऱ्याच्या हातात देण्यापुरती.

हे मी मुलांना पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितले होते. संध्याकाळी आमच्या ओटीवर माझा मुलगा, शेजारची चारसहा पोरे आणि सुटीला आली असेल तर ठाण्याची माझी भाची असा जमाव बसे. भाची नऊ वर्षांची, बोलायला कुणाला न ऐकणारी.

"मामा, तुम्ही किती माणसं मारलीत?"

"एकही नाही."

"मग तुम्हाला कुणी मारलं?"

"मला मारलं असतं तर मी इथे बसलो असतो का?"

"मग तुम्ही लढाईत काय केलंत?"

"गवत मोजलं."

पोरांचे चेहरे पडले. हत्तींनी ते पुन्हा वर आले. हत्ती आगबोटीच्या तळाशी कसे उभे केले, बोट हलली की ते सगळे मिळून कसे एका बाजूला झुकत, आणि मग बोटही त्यांच्याबरोबर कशी झुके, हे मी त्यांना करून दाखवले. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या ओटीवर हत्ती झुकत होते.

पण मला मुलांना सांगायची होती ती गोष्ट हत्तींची नव्हे, पाण्याची. आम्ही उतरलो तो तांबड्या समुद्राचा किनारा असा होता की डोळ्यांपुढे सगळा समुद्र आणि प्यायला थेंब नाही. विहिरी खणल्या, त्यांत खारे पाणी लागले. तहानेने खेचरे वेडी झाली. बांधलेले दोरखंड चावून तोडीत आणि समुद्रात तोंड घालीत. माझ्या हिशेबात चाऱ्याचा आकडा रोज उतरत होता, आणि साहेब मला शाबासकी देत होता की काटकसर चांगली चालली आहे. खाणारी खेचरे मरत होती, एवढीच ती काटकसर.

मग बोटींवर यंत्रे लागली. लोखंडी हंड्यात समुद्राचे पाणी घालायचे, खाली कोळसा पेटवायचा, वाफ नळ्यांतून न्यायची, नळ्या थंड ठेवायच्या. दुसऱ्या टोकाने पडे ते गोडे पाणी. माणसाला ते मापून मिळे. कोळशाच्या मानाने पाहिले तर ते पाणी तुपाहून महाग पडत असेल. हा माझा अंदाज आहे, त्याचा हिशेब मला दाखवला नव्हता.

आमच्या तळाजवळ एका पलटणीतले बावीस शिपाई होते, सगळे कोकणातले. त्यांनी ते पाणी घेतले आणि तसेच ठेवून दिले. लोखंडी यंत्रातून, कुणाच्या हातचे, कसले आलेले पाणी. दोन दिवस ते तोंड ओले करण्यापुरते कुठलेसे मचूळ पाणी मिळवून राहिले. तिसऱ्या सकाळी त्यांचा नाईक माझ्याकडे आला. वयाने माझ्या बापासारखा, ओठ फुटलेले.

"कारकूनबाबा, तुमी लिवलेलं वाचलेलं मानूस. ह्ये पानी आपल्याला चालतं का?"

मला काहीही ठाऊक नव्हते. मी तेवीस वर्षांचा होतो आणि गवत मोजत होतो. विचारायला जवळ भटजी नव्हता, पुस्तक नव्हते. मी माझी पंचपात्री भरली आणि त्याच्यापुढे प्यालो. कोमट होते, जळक्या कढईसारखी चव होती. "चालतं," मी म्हणालो.

त्याने वाकून रिकाम्या पंचपात्रीत पाहिले. मग म्हणाला, "दुपारपावेतो थांबतू. तुमी मेलाव तर न्हाई पिनार."

मी दुपारपर्यंत जिवंत राहिलो आणि ते बावीसजण प्याले. पुढे फौज डोंगरात चढली. राजाचा किल्ला पडला, कैदी सुटले, आणि त्या वेळी मी किनाऱ्यावर रिकामी पोती मोजत होतो.

परत आलो तेव्हा समुद्र ओलांडल्याबद्दल त्र्यंबकेश्वरी जाऊन जे करायचे ते मी केले. तेव्हा ज्ञातीने विचारले, जेवलात काय? मी सांगितले, घरून नेलेला कोरडा शिधा आणि स्वतः शिजवलेला भात. पाणी कुणी दिले? सरकारने. कारभार तिथे मिटला. सरकारने पाणी कुठून आणले हे कुणाच्या मनात आले नाही, आणि विचारले नाही ते सांगत बसण्याची मला सवय नाही.

वीस वर्षांनी ते उघड झाले ते माझ्या भाचीमुळे. सुटी संपवून ती नौपाड्यास घरी गेली आणि तिथल्या पोरींना घेऊन लढाई खेळू लागली. हत्ती तिला कंटाळवाणे वाटले असावेत, कारण ती स्वतः यंत्र झाली. तोंडात पाणी घ्यायचे, गाल फुगवायचे, वाफेसारखा आवाज करायचा आणि बांबूच्या नळीतून दुसरीच्या भांड्यात सोडायचे. "हे साहेबाच्या यंत्रातलं समुद्राचं पाणी, माझ्या मामांनी प्यालेलं. पी, नाहीतर खेचरासारखी मरशील." समोरच्या घरात शिरस्तेदार सुपारी कातरत बसलेले होते.

माझ्या मुलाची मुंज वैशाख शुद्ध पंचमीला ठरली होती. मुलाला आठवे चालू होते, पुढे गुरूचा अस्त, म्हणजे ही तिथी गेली तर वर्षभर मुहूर्त नाही. ज्ञातीतले लोक पंगतीला बसले नाहीत तर मुंज लागून न लागल्यासारखी. म्हणून शिरस्तेदार स्वतः आगगाडीने कल्याणला आले आणि वर लिहिलेली सभा भरली.

"समुद्राबद्दल आम्ही काही म्हणत नाही," शिरस्तेदार म्हणाले. "ते तेव्हाच मिटलं. हा मुद्दा नवा आहे. पाणी सरकारने दिलं असं तुम्ही सांगितलंत. सरकारने ते कुठून आणलं?"

"समुद्रातून."

"समुद्राचं पाणी खारं असतं," भटजी म्हणाले.

"यंत्रातून गोडं होतं."

"गोडं झालं तर ते समुद्राचं राहिलं कुठे?"

"तेच मी म्हणतो."

"तुम्ही ते म्हणू नका. ते मी म्हणायचं. तुम्ही म्हणालात तर त्याला आधार राहत नाही."

शिरस्तेदारांनी हात वर केला. कोर्टात पस्तीस वर्षे लोकांना गप्प बसवल्यामुळे त्यांना ते सहज जमे. "एकावन्न रुपयांत सगळं आटोपतं. प्रायश्चित्त, दक्षिणा आणि पाच ब्राह्मण. तुमचा पगार पस्तीस आहे हे मला ठाऊक आहे. दोन हप्त्यांत दिलेत तरी चालतील."

दाराआडून बांगड्या वाजल्या. "आचाऱ्याला विसार दिलाय म्हणावं. काय ते पंचमीच्या आत ठरवा."

पैसे माझ्याकडे होते. मुंजीसाठी म्हणून वर्षभर बाजूला काढलेले होते. ते दिले असते तर तंटा त्याच संध्याकाळी मिटला असता, आणि बायकोचेही तेच म्हणणे होते. पण मला ते देता येईनात.

"रावसाहेब," मी म्हणालो, "मी एकटा प्यालो असतो तर दिले असते. माझ्या सांगण्यावरून बावीसजण प्याले. आज मी प्रायश्चित्त घेतलं म्हणजे त्यांना मी खोटं सांगितलं असं झालं. त्यांना आता कुठे शोधून सांगू?"

"त्यांचं आम्ही बघत नाही. ते आपल्या ज्ञातीतले नाहीत."

"पाणी तेच होतं."

मग वैद्यबुवा, जे तोवर माझ्या ओटीवरच्या दाणे-गुळाकडे लक्ष देत होते, म्हणाले, "यात अवघड काय आहे? मी ओव्याचा अर्क काढतो तो असाच. खाली मडकं, वर झाकण, मधे नळी. वाफ होते आणि निवते."

शिरस्तेदार त्यांच्याकडे वळले. "मग ओव्याऐवजी खाडीचं पाणी घाला. माझ्यासमोर काढा. वस्तू पुढे ठेवल्यावाचून निकाल देणं मला पटत नाही."

मग निकालाचे ठरले ते असे. पाणी गोडे आणि निर्मळ निघाले तर ते पावसाच्या पाण्यासारखे मानायचे, दोष नाही. खारे निघाले तर मी खोटे बोललो असे धरायचे. खोटे बोलण्याला काय पडते, असे मी विचारले. भटजींनी थोडा विचार करून एकवीस रुपये सांगितले. म्हणजे खोटे बोललो असतो तर माझे तीस रुपये वाचत होते. मी ते बोलूनही दाखवले. शिरस्तेदार म्हणाले, "तो तुमचा प्रश्न आहे."

आता खाडीचे पाणी समुद्राचे मानायचे का, हा वाद दोन दिवस चालला. भटजींचे म्हणणे, वरून मोहने गावाकडून नदीचे गोडे पाणी येते, ते मिसळल्यावर समुद्र उरत नाही. शिरस्तेदारांनी तोड काढली की मोठ्या भरतीचे पाणी घ्यावे, तेव्हा समुद्राचा हक्क जास्त. मोठी भरती अवसेला. अवस कशी चालेल, असे मी भटजींना विचारले, तर ते म्हणाले, "हे मंगल कार्य नाही. ही चौकशी आहे."

चैत्री अवसेला दुपारी दोनच्या सुमारास आम्ही चौघे दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीवर गेलो. घरात हे करू द्यायला माझी बायको तयार नव्हती, आणि पाणी आपल्या डोळ्यांदेखत भरले पाहिजे असा शिरस्तेदारांचा आग्रह होता. तांब्याचा हंडा त्यांनी नौपाड्याहून स्वतःच्या मांडीवर ठेवून आगगाडीने आणला होता, दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणून. लाकडे भटजींची. झाकण, नळी आणि खालचे भांडे वैद्यबुवांचे. पाणी मी भरले.

नळीविषयी इथे सांगितले पाहिजे. वैद्यबुवांच्या नळीला भोक पडले होते, म्हणून ती आठवडाभर तांबटाकडे डाग द्यायला पडली होती. त्या सकाळी घाई करून त्यांनी ती आणवली. आली ती जरा लांब होती आणि तिचा बाक निराळा होता.

"तांबटाने ठोकून वाढवलेली दिसते," वैद्यबुवा म्हणाले. "माणूस हुशार आहे."

तांबटाच्या हातची म्हणून भटजींनी ती शुद्ध करून घेतली. राखेने घासली, चिंचेने घासली, तीनदा धुतली, वर पळीभर गंगोदक शिंपडले. सगळे बाहेरून. आतून तिच्यात काय आहे हे पाहण्याचे चौघांपैकी कुणालाही सुचले नाही, आणि चौघांत मीही होतो.

हंडा चढला. फटींना कणीक लावली. वैद्यबुवांनी नळीवर ओले फडके गुंडाळले आणि ते पुन्हा पुन्हा भिजवत बसले. धूर खाडीवर पसरला. काठाला रेतीची बोट लागली होती, तिच्यावरची एक आगरी बाई टोपली खाली ठेवून बघू लागली.

"काय काढताव?"

"पाणी," मी म्हणालो.

ती खाडीकडे बघत राहिली, मग हंड्याकडे, मग पगडी घातलेल्या शिरस्तेदारांकडे. "पान्यातून पानी काढताव?"

"हो."

"आन् मंग तं कया कराचं?"

"प्यायचं."

तिने बोटीवरच्या नवऱ्याला हाक मारली. तोही येऊन बसला. थोड्या वेळाने आणखी दोन बोटी लागल्या.

पहिला थेंब पडायला बराच वेळ लागला. मग धार धरली, सुताएवढी. भांड्यात ओंजळभर पाणी जमल्यावर शिरस्तेदारांनी, वडील म्हणून, ते आधी तळहातावर घेतले, वास घेतला आणि प्याले.

"खारं नाही," ते म्हणाले.

मला एकदम हलके वाटले. वीस वर्षे मी ज्याची खात्री धरून होतो ते खरे निघाल्यावर इतके हलके का वाटावे, हे मला सांगता येत नाही.

"जरा वास येतो," ते पुढे म्हणाले. "गोडसर. परत द्या, खात्री करून घेऊ."

त्यांनी दुसऱ्यांदा खात्री केली. मग भटजींनी केली. भटजी म्हणाले, "फुलासारखा वास आहे. पावसाच्या पाण्याला येतो तसा." वैद्यबुवा घोट घेऊन म्हणाले, "तो तांब्याचा गुण." मीही प्यालो आणि म्हणालो, "अबिसिनियाच्या पाण्याला असा वास नव्हता."

"वीस वर्षांत तुमचं नाक बदललं असेल," शिरस्तेदार म्हणाले आणि तिसऱ्यांदा हात पुढे केला. "हे पोटालाही बरं लागतं."

ते चौथ्यांदा खात्री करीत असताना आबकारीचा शिपाई आला. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात चोरून दारू गाळणाऱ्यांवर सरकारची नजर फार कडक होती, आणि खाडीकाठी भर दुपारी चूल, हंडा आणि नळी म्हटल्यावर त्याला दुसरे काही वाटण्याचे कारण नव्हते. त्याने आधी नळीचे टोक नाकाला लावले.

"मोहाची," तो म्हणाला. "परवाना?"

"हे पाणी आहे," शिरस्तेदार म्हणाले.

"सगळे तेच म्हणतात."

"मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?"

"नाही. नाव सांगा, लिहून घेतो."

बोटीवरची आगरी बाई आमच्या बाजूने बोलली. "पानीच हाय त्ये. पान्यातून काढलेलं." शिपायाने तिच्याकडे पाहिले आणि हेही लिहून घेतले.

तांबटाचे नाव निघताच उलगडा तिथेच झाला. बंदरावर सरकारी परवान्याची एक दारूची भट्टी होती. तिची नळीही त्याच तांबटाकडे त्याच आठवड्यात डाग द्यायला गेली होती. आमच्याकडे आली ती भट्टीची, आणि वैद्यबुवांची भट्टीवर गेली होती. तिथल्या मोहाच्या दारूला त्या दिवशी ओव्याचा वास आला असणार, पण त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही.

सामान जप्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामलेदार कचेरीत हजर होण्याचा हुकूम झाला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायकोला सर्व कळले होते. खाडीवरून बातमी माझ्याआधी पोचली होती. तिने मला पाय धुवायला पाणी दिले आणि म्हणाली, "लढाईवर गेलात तेव्हा तुम्हाला कुणी पकडलं नाही."

मामलेदार वयाने माझ्याएवढे, बोलायला सावकाश. त्यांनी शिपायाचा कागद वाचला, आम्हा चौघांकडे पाहिले आणि कागद पुन्हा वाचला.

"हंड्यात काय होतं?"

"पाणी," आम्ही सगळे म्हणालो.

"आणि नळीतून काय निघालं?"

"पाणी."

"मग एवढी लाकडं कशाला जाळलीत?"

हे समजावून सांगायला शिरस्तेदारांना बराच वेळ लागला, कारण त्यात लढाई येत होती, यंत्र येत होते आणि माझ्या मुलाची मुंज येत होती. मामलेदारांनी मधे एकदाही टोकले नाही. शेवटी ते म्हणाले, "नळीला दारूचा वास आहे हे तुम्हालाही मान्य आहे. आता निघालं ते दारू नव्हे, शुद्ध पाणी होतं, हे कशावरून मानू? कुणी पिऊन पाहिलं?"

शिरस्तेदारांनी भटजींकडे पाहिले. भटजींनी आढ्याकडे पाहिले. प्यालो नाही म्हणावे तर दारू गाळल्याचा खटला उभा राहतो. प्यालो म्हणावे तर यंत्राचे, खाडीचे, आणि वर मोहाच्या नळीतले पाणी आपल्या तोंडाने प्याल्याचे सरकारी कागदावर येते. माझ्याकडे मात्र कुणी पाहिले नाही.

"प्यालो," शिरस्तेदार म्हणाले.

"किती?"

"खात्रीपुरतं."

"चार वेळा," शिपाई म्हणाला.

जबानी लिहिली गेली. तिचा मजकूर मला पाठ आहे, कारण तो सांगताना शिरस्तेदारांनी कोर्टातल्या सवयीने एकही शब्द कमी पडू दिला नाही: खारे पाणी आटवून, त्याची वाफ निववून नळीवाटे निघालेले पाणी गोडे, निर्मळ व पिण्यास योग्य असते, ते आम्ही राजीखुशीने प्यालो, त्यात दोष काही नाही. खाली तिघांनी सह्या केल्या.

"आणि तुम्ही?" मामलेदारांनी मला विचारले. "प्यालात?"

"होय. वीस वर्षांपूर्वीही."

"ते माझ्या हद्दीत नाही," ते म्हणाले. मी सही केली.

दारूचा आरोप काढून टाकण्यात आला. परवान्यावाचून भट्टीचे सामान बाळगल्याबद्दल नावापुरता एक रुपया दंड झाला.

परत येताना आम्ही काळ्या तलावापाशी थांबलो. तिथे पायरीवर बसून शिरस्तेदारांनी पगडी काढली आणि मांडीवर ठेवली.

"भटजी, आता याचं काय म्हणायचं?"

"चौघे मिळून प्यालो," भटजी म्हणाले, "तेव्हा तीर्थ म्हणू."

"आणि मागच्या वेळचं? त्यांचं ते अबिसिनियाचं?"

"तेही मग तीर्थच धरावं लागतं. एक सोडून एक धरता येत नाही."

"त्या बावीसजणांचंही?" मी विचारले.

भटजींनी हात झटकला. "धरा. तीर्थाला काय तोटा आहे?"

शिरस्तेदारांनी पगडी पुन्हा घातली. "मुंजीला मी पहिल्या पंगतीला बसेन. पाण्याचा विषय निघता कामा नये."

विषय निघाला. मुंज पंचमीला वेळेवर लागली. आम्ही सव्वाशे पाने धरली होती, पण खाडीवरची हकीकत ठाण्यापर्यंत गेल्यामुळे एरवी न येणारी मंडळीही आली आणि पाने दोनशेच्या वर गेली. शिरस्तेदार कबूल केल्याप्रमाणे पहिल्या पंगतीला बसले. माझी भाची परकर खोचून हातात तांब्या घेऊन वाढायला निघाली, त्यांच्यापुढे येऊन थांबली आणि म्हणाली, "आजोबा, विहिरीचं देऊ की खाडीचं?"

पंगतीतले हात थांबले. शिरस्तेदारांनी तिच्याकडे पाहिले, मग पेला पुढे केला. "तुझ्या मामाला चाललं ते," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मुलगा, डोक्याचा घेरा ठेवलेला, लंगोटी नेसलेला, ओटीवर इतर पोरांत येऊन बसला आणि मुलांनी लढाई सांगा म्हणून धरले. मी आगबोटीपासून सुरुवात केली.

"ती नाही," भाची म्हणाली. "खाडीवरची."

तेव्हापासून माझा नियम आहे. खाडीवरची हवी असेल तर आधी अबिसिनियाची ऐकावी लागते, हत्ती वगळून, आणि त्यात नाईक दुपारपर्यंत थांबला तेवढे तरी ऐकावेच लागते. पोरे तेवढ्यापुरती गप्प बसतात. मी मेलो असतो तर तो प्याला नसता, यात त्यांना फार मौज वाटते. मलाही आता थोडी वाटते. मुले मोठी झाल्यावर दोन्ही लढायांची गल्लत करतील, म्हणून हे लिहून ठेवले.

शेवटी जे दिले ते असे. सरकारास दंडाचा एक रुपया, चौघांत चार चार आणे. शिरस्तेदारांपाशी सुटे नव्हते म्हणून त्यांचे चार मी भरले. तांबटाला काही दिले नाही, त्याने मागितलेही नाही. प्रायश्चित्ताचे एकावन्न रुपये कुणालाही दिले नाहीत, पण जास्तीच्या पानांमुळे ते जवळजवळ सगळे वाण्याला आणि आचाऱ्याला गेले. उरले त्यातले दोन रुपये पाणक्याला दिले. दोनशे माणसांचे पाणी त्याने एकट्याने ओढले होते, विहिरीचे.